रॅपिड १.५ टीडीआय: ऑइल फिल्टरचं झाकण जाम, डोक्याचे कोन घासलेत. कसं काढू?

सुदामानगरची रॅपिड

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा रॅपिड १.५ टीडीआय, २०१६ची, इंदूर पासिंग. गाडी बाबांची, पण आता चालवते मी आणि ऑइल-फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं घरीच करते. गेल्या सर्व्हिसला मी गावाला होते, तेव्हा बाबांनी ती बाहेरच्या एका गॅरेजवर करून आणली.

आज ऑइल बदलायला बसले. इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर उचललं आणि फिल्टर हाउसिंगचं, म्हणजे ऑइल फिल्टर ज्यात बसतो त्या घराचं, काळं झाकण बघितलं तर त्याच्या डोक्याचा आकारच ओळखू येईना. ३२ मिमीचं सहा कोनी डोकं, त्यातले चार कोन गोल झालेत. समोरासमोरच्या दोन बाजूंवर तिरप्या दातऱ्या उमटल्यात. म्हणजे कुणीतरी पाइप पाना लावून कसलंय हे उघड आहे. झाकणावर २५ न्यूटन मीटर असा कसायच्या जोराचा आकडा उठावात आहे, तो अजून स्वच्छ वाचता येतो, दातऱ्यांच्या अगदी शेजारी. बघून फार वाईट वाटलं.

माझी ३२ची गोटी (सॉकेट) बारा कोनी आहे. बसवून थोडा जोर दिला तर झाकण फिरायच्या ऐवजी गोटीच वर चढायला लागली, म्हणून तिथेच थांबले. ऑइल अजून काढलेलं नाही. गळती कुठेही नाही, डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे.

पुढच्या आठवड्यात भाच्याच्या मुंजीला पुण्याला जायचंय, आई-बाबांना घेऊन, सेंधवा-धुळे-नाशिक मार्गे. गेल्या सर्व्हिसनंतर गाडी चौदा हजारांच्या वर चालली आहे. त्याच गॅरेजवर परत न्यायची नाही. झाकण घरी काढता येईल का, कशाने काढू, आणि नाहीच निघालं तर याच फिल्टरवर पुण्याला जाऊन यावं का? कुणी हे हाताने केलेलं असेल त्यांनी सांगा.

राऊ सर्कल

ताई, इतका विचार कशाला? झाकणाच्या कडेला छिन्नी लावा, उलट्या दिशेने तिरके ठोके द्या, फिरतं. नाही फिरलं तर हीट गन मारा, प्लॅस्टिक मऊ होतं. आमच्याकडे सगळे असंच काढतात.

टूलरूम, पीथमपूर (निवृत्त)

ताई, छिन्नी लावू नका आणि हीट गनही नको. राऊवाल्या दादांनी मदत म्हणूनच लिहिलंय हे मला कळतं, पण ही कृती लोखंडी डब्याच्या, अख्खा डबाच फिरवून काढायच्या फिल्टरची आहे, या झाकणाची नाही. का ते सांगतो.

अशी झाकणं बहुधा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात. बोटाला कडक लागतं, पण कडेवर छिन्नीचा ठोका बसला की ते वाकत नाही, टवका उडतो. ठोका जरा घसरला की छिन्नी थेट हाउसिंगच्या तोंडावर, जिथे रबरी रिंग बसते. तिथे नखाला लागेल एवढी चीर पडली तरी नवं झाकण, नवी रिंग घालूनही ऑइल झिरपणार. थंडीत सकाळी इंजिन सुरू करताना ऑइल सगळ्यात घट्ट असतं आणि प्रेशर सगळ्यात जास्त, तेव्हा तर हमखास. हीट गनने मऊ होतं ते आधी डोकं. जे डोकं आपल्याला धरायचंय तेच लोण्यासारखं करून मग त्यावर गोटी चढवायची, हे कसं जमणार? शिवाय आजूबाजूला वायरिंग, होज आणि तेलाने ओला झालेला कचरा.

हे काम हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: झाकण गेलं तरी चालेल, हाउसिंगला ओरखडा नको. झाकण सुटं विकत मिळतं. हाउसिंगला ऑइल कूलर जोडलेला असतो, ते उतरवायचं म्हणजे कूलंट काढण्यापासून सुरुवात. म्हणून हात लावायच्या आधी नवं झाकण आणि फिल्टरचं किट घरात आणून ठेवा. झाकण हाताशी असलं की माणूस जुन्याला वाचवायच्या नादात वेडावाकडा जोर लावत नाही.

तुम्ही ऑइल काढलं नाहीत हे फार बरं केलंत. आताही काढू नका. झाकण फिरून हाताने सैल झालं की मगच खालचा ड्रेन बोल्ट. लोक उलट करतात: ऑइल भांड्यात, झाकण जाम, गाडी पार्किंगमधून हलवता येत नाही, मग हाताला लागेल त्याने झाकणावर तुटून पडतात. हाउसिंग फुटायचं ते अशाच वेळी.

आता ते अडकलंय कशामुळे. प्लॅस्टिक गंजत नाही, त्यामुळे गंज सोडवायचे स्प्रे मारून इथे मोठा फरक पडेल असं समजू नका. कारणं दोनच, नको इतकं कसलेलं असणं आणि रबरी रिंग कडक होऊन चिकटणं. पुष्कळ ठिकाणी जुनीच रिंग परत घालतात, ती चपटी झालेली असते, पहिल्याच दिवशी झिरपते, मग गळती थांबवायला झाकणच आणखी आवळतात. तुमच्या पाइप पान्याच्या खुणा बघून मला हीच शंका येते.

२५ न्यूटन मीटर म्हणजे किती तेही सांगतो, कारण हा आकडा वाचून कुणाला अंदाज येत नाही. पाऊण फुटाच्या जरा वर, नेमकं म्हणजे २५ सेंटीमीटर लांबीचा दांडा घ्या आणि त्याच्या टोकाला साधारण दहा किलो वजन टांगा. बस्स, एवढंच. पाइप पाना दोन फुटी असला आणि माणूस अंग टाकून ओढत असला तर काय होत असेल बघा.

काढायचं असं.

बारा कोनी गोटी बाजूला ठेवा. ती कोनाच्या अगदी टोकाजवळ धरते, आणि तुमचे कोनच गेलेत. सहा कोनी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटी हवी, ती बाजूच्या सपाट भागावर जोर देते. सियागंजात मिळेल. दुकानात तिचं तोंड नीट बघा. प्रत्येक गोटीच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, बोल्टवर पटकन बसावी म्हणून. जाड बोल्टला त्याने काही बिघडत नाही, पण तुमच्या झाकणाचं डोकं बुटकं आहे, त्यातला बराच भाग त्या उतारातच हरवतो आणि पकड उरते ती वरच्या पातळ पट्टीवर. तुमची गोटी वर चढत होती ती याचमुळे. तेव्हा गोटी पोलोग्राउंडला एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडे न्या आणि तोंड सपाट करून घ्या, उतार संपेपर्यंत. खरादवर नाही, गोटी कडक केलेली असते, तिथे टूल चालणार नाही. ग्राइंडरवरच. किरकोळ काम आहे, पण अशा जागी मला याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही.

त्याच दुकानात सव्वा इंची सहा कोनी गोटी आहे का विचारा. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. ३२पेक्षा पाव मिलिमीटर लहान. रबरी हातोडीने हलके ठोकून बसवली की घासलेल्या डोक्यावरही घट्ट बसते. माझी पसंती हिलाच, आणि हिचंही तोंड सपाट करून.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. कोमट हवं, उकळतं नको. रिंग थोडी नरम पडते. गोटी शेवटपर्यंत बसली का ते बोट फिरवून बघा. लांब रॅचेट नको, टी-हँडल घ्या. एक तळहात गोटीच्या बरोबर वर, पूर्ण वजन खाली. दुसऱ्या हाताने उलट दिशेला छोटे छोटे झटके. आटे नेहमीचेच आहेत, उलटे नाहीत. सतत ओढत राहिलात तर गोटी तिरकी होते. सुटताना ‘कट्’ असा आवाज येतो, घाबरू नका.

एक वेढा फिरला की थांबा. चहा घेऊन या. तोवर वरचं ऑइल खाली उतरतं आणि झाकण उचलताना इंजिनभर सांडत नाही.

पुण्याचं म्हणाल तर, या गाडीची ऑइल बदलायची मुदत पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. वर्ष उलटलेलं नसेल तर जाऊन-येऊन बाराशेच्या आसपास होतील, म्हणजे थोडंसंच पुढे जाल. फिल्टर चोंदला तरी बायपास व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनला ऑइल मिळतं, फक्त न गाळलेलं. तेव्हा या गोट्यांनी निघालं तर छान. नाही निघालं तर मुंजीच्या तोंडावर झाकण फोडायला बसू नका. लेव्हल बघा, आई-बाबांना घेऊन निवांत जाऊन या, मग पुढचं बघू.

मांजलपूर, बडोदा

माझ्याकडे फोक्सवॅगन व्हेंटो, हेच इंजिन. काकांनी लिहिलंय त्यात एक भर. जाम बोल्ट सोडताना आपण आधी जरासा कसण्याकडे फिरवतो, बैठक मोडते, मग सोडतो. इथेही तेच करावं असं मला वाटतं. आणि बेल्टसारखा पट्टा पाना मिळतो, झाकणाच्या गोल कडेला पॉलिश पेपर उलटा गुंडाळून त्यावर पट्टा आवळला तर डोक्याची गरजच पडत नाही.

टूलरूम, पीथमपूर (निवृत्त)

पट्ट्याचं अगदी बरोबर, कडेला पट्टा बसण्याइतकी उंची मिळाली तर जरूर वापरा. दोघं असाल तर एकाने पट्टा, एकाने गोटी, दोन्हीकडून मिळून जोर. डोक्यावरचा भार निम्मा होतो.

आधी कसायचं मात्र इथे नको. ती युक्ती गंजलेल्या लोखंडी बोल्टची, तिथे गंजाचा थर तुटतो. इथे थर नाहीच. हे झाकण आधीच मर्यादेच्या पलीकडे आवळलंय, आणखी आवळलं तर आटे चिरतील नाहीतर डोकं झाकणापासून सुटून हातात येईल.

सुदामानगरची रॅपिड

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. दोन्ही गोट्या आणल्या, तोंडं सपाट करून घेतली. ग्राइंडिंगवाल्याने आधी विचित्र नजरेने बघितलं, पण कारण सांगितल्यावर स्वतःच म्हणाला की उतार राहता कामा नये, आणि पट्टी लावून तपासून दिली. झाकण आणि किट ऑर्डर केलंय.

सव्वा इंची ठोकून बसवली. दोन बाजूंना छान धरते, पण जिथे दातऱ्या आहेत तिथे प्लॅस्टिक फुगून बाहेर आलंय, त्यामुळे गोटी एका अंगाला कलते. जोर दिला नाही. ते फुगलेलं घासून काढू का? आणि घासताना जो भुगा पडेल त्याचं काय? आणि समजा डोकंच तुटलं तर पुढे काय करायचं तेही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी घाई होणार नाही.

टूलरूम, पीथमपूर (निवृत्त)

जोर दिला नाहीत ते योग्यच. कललेली गोटी उरलेले कोनही खाते.

घासा. बारीक सपाट कानस घ्या, कोपऱ्यावर नाही, बाजूवर ठेवा, आणि फुगलेलं तेवढंच खाली आणा. झाकण अजून बंद आहे, त्यामुळे भुगा आत जायचा प्रश्न नाही. तरी झाकणाभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि नंतर व्हॅक्युम क्लीनरने खाच ओढून घ्या. फुंकर किंवा प्रेशरची हवा नको. हवेने भुगा कडेच्या फटीत जाऊन बसतो आणि झाकण उघडताच आत पडतो.

सव्वा इंची तरीही घसरली तर सहाही बाजू एक-एक मिलिमीटर खाली घ्यायच्या, म्हणजे डोकं ३० मिमीचं होईल, आणि ३०ची गोटी ठोकून बसवायची. व्हर्नियर असेल तर समोरासमोरच्या जोड्या मापत जा, नसेल तर गोटीच लावून बघत जा. ३०च्या गोटीला कोनापासून कोनापर्यंत साडेचौतीसच्या जरा वर माप लागतं, मूळ डोक्याचं सदतीसला टेकलेलं असतं. म्हणजे गोल झालेले कोन जवळजवळ सगळे त्या घासण्यात निघून जातात आणि आत नवे, धारदार कोन मिळतात. कंटाळवाणं आहे, पण कानशीला मुळीच घाई करू नका. हे तुम्हाला एकदाच करता येणार आहे.

डोकं तुटलं तर: घाबरायचं नाही, गाडी तशीच चालू शकते, जोवर झाकणाला भेग नाही आणि गळती नाही. इंजिन सुरू करून टॉर्च लावून बघा. कोरडं असेल तर घाई नाही, जाणत्या माणसाकडे न्या. तो झाकणाचा वरचा भाग कापेल, मग आट्यांची कडी आतल्या दिशेला दुमडून तुकड्यांनी बाहेर काढेल. कापताना करवतीचं पातं हाउसिंगच्या आट्यांपर्यंत पोचता कामा नये, थोडं प्लॅस्टिक शिल्लक ठेवून थांबायचं. आणि हे लक्षात ठेवा, कुणी करत असेल तर त्याला सांगा: तुकडे आणि भुगा वेचून होईपर्यंत आतला कागदी फिल्टर उचलायचा नाही. तो जागेवर असतो तोवर सगळी घाण त्याच्या बाहेरच्या बाजूला राहते. पुष्कळ हाउसिंगमध्ये फिल्टर उचलला की तळाचं भोक उघडतं आणि ऑइल थेट खालच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात जातं. त्याबरोबर प्लॅस्टिकही जाईल. आधी सिरिंजने ऑइल ओढा, चिमट्याने तुकडे काढा, कड पुसा, मग फिल्टर.

राऊ सर्कल

काका, बरोबर आहे तुमचं. मी डब्याच्या फिल्टरचंच डोक्यात ठेवून लिहिलं होतं. ताई, छिन्नीचं सोडा.

सुदामानगरची रॅपिड

निघालं! ३०पर्यंत जावं लागलं नाही. दातऱ्यांचा फुगवटा सपाट केला, सव्वा इंची गोटी सरळ बसली. बाबांनी पट्टा धरला, मी टी-हँडल. ‘कट्’ असा आवाज आला आणि बाबांना वाटलं फुटलं. फुटलं नव्हतं.

काकांची शंका खरी निघाली. रिंग गोल राहिलीच नव्हती, दाबून चौकोनी पट्टी झाली होती, आणि एका जागी झाकणाला इतकी चिकटली होती की सोलून काढावी लागली. नखाने वाकवली तर मोडली. किटमधल्या नव्या रिंगशेजारी ठेवून फोटो काढलाय, त्या गॅरेजवाल्यांना दाखवणार आहे. भांडायला नाही. पण पुढच्या माणसाची गाडी तरी नीट बसवली जावी.

हाउसिंगचे आटे टॉर्च लावून बघितले, स्वच्छ आहेत. रिंग बसते ती जागा बोटाने चाचपली, कुठे काही लागलं नाही. नवं झाकण, नव्या रिंगा ऑइल लावून, आधी हाताने पूर्ण फिरवून, मग टॉर्क रेंचने २५. ड्रेन बोल्ट नवा, ३० न्यूटन मीटर. पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि नंतरही थोडा वेळ ॲक्सिलरेटरला हात लावला नाही, टर्बोला आधी ऑइल पोचू दिलं. बंद करून थोडं थांबून लेव्हल बघितली. झाकणाभोवती टिश्यू फिरवला, कोरडा. उद्या सकाळी थंड इंजिनवर परत बघते आणि मगच गाडी पुण्याला काढते.

टूलरूम, पीथमपूर (निवृत्त)

वा! फार आनंद झाला. उद्या सकाळचं बघणं चुकवू नका, खरी परीक्षा तीच. सेंधव्याच्या पुढे घाट उतरून थांबाल तेव्हा एकदा बॉनेट उघडून नजर टाका. आणि पुढच्या वेळी गाडी कुणाकडेही दिलीत तरी सांगा, झाकण टॉर्क रेंचनेच लावायचं, आणि जुनी रिंग मला परत द्या. जुनी रिंग हातात मिळाली म्हणजे नवी घातली गेली, एवढं तरी कळतं.

लष्कर, ग्वाल्हेर

याच धाग्यात विचारतो. माझी वॅगनआर पेट्रोल, तिला लोखंडी डब्याचा फिल्टर आहे. तोही जाम झालाय. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात तसं करू का?

टूलरूम, पीथमपूर (निवृत्त)

शेवटचा उपाय म्हणून ठेवा. डब्याचा पत्रा पातळ असतो, ड्रायव्हरने तो फाटत जातो आणि फिल्टर जागेवरच राहतो, मग धरायला काही उरत नाही. आधी तीन नखांचा फिल्टर पाना किंवा चेन पाना घ्या, आणि तो डब्याच्या इंजिनकडच्या टोकाजवळ लावा, बुडाजवळ नाही. तिकडे जाड तबकडी असते, डबा चेपत नाही. पत्रा फाटलाच तर तबकडीच्या कडेला छिन्नीचे हलके ठोके, राऊवाल्यांची पद्धत इथे चालते, फक्त इंजिनच्या बाजूचा सपाट भाग सांभाळा.

निघाल्यावर जुनं रबर फिल्टरबरोबर आलं का ते बघाच. ते इंजिनला चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसला की रबरावर रबर होतं आणि सुरू करताच ऑइलची धार लागते. नव्याच्या रबराला ऑइल लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पुढे साधारण पाऊण वेढा, तोही हातानेच. डब्यावर वेगळं काही छापलेलं असेल तर ते पाळा.